दहावी सूचक

१

फायलीत एकसष्ट कागद होते. सोमवारी सकाळी नूतननं मोजले तेव्हा साठ भरले. तिनं पुन्हा मोजले, मग दुर्पतानं मोजले, तरी साठच.

गेलेला कागद कोणता हे कळायला वेळ लागला नाही. विधानसभेला अपक्ष म्हणून उभं राहायचं तर मतदारसंघातल्या दहा मतदारांनी अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवावं लागतं. त्यांना सूचक म्हणतात. त्या दहा जणांचं पान फायलीतून नाहीसं झालं होतं, आणि अर्ज भरायची मुदत मंगळवारी दुपारी तीनला संपत होती.

उमेदवार दुर्पता मडावी पोलिसांत गेली नाही. तिथं जबाब देण्यातच दिवस मावळला असता. ती टोल्याच्या, त्यांच्या छोट्या वस्तीच्या, दुसऱ्या टोकाला गोवर्धन कटरेंच्या अंगणात जाऊन उभी राहिली. गोवर्धन जंगलखात्यातून निवृत्त झालेले, पण गाव त्यांना अजून नाकेदारच म्हणे. हलक्या धानाची कापणी चालू होती आणि ते विळा परजत बसले होते.

"नाकेदार, तुमी चोर ओळखता," ती म्हणाली. "चला माझ्यासोबत."

गोवर्धन विळा ठेवून उठले. या बाईनं बोलावलं आणि ते उठले नाहीत, असं गेल्या बारा वर्षांत झालं नव्हतं.

त्याच्या आधीची गोष्ट वेगळी होती. अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला बांबूच्या मोळीसकट पकडलं होतं. तेव्हा ती पंचविशीची. रडली नाही, पाया पडली नाही. बांबू नेऊ नये असं कोणत्या कायद्यात लिहिलंय, ते दाखवा म्हणाली. त्यांनी चिडून पुस्तक समोर आपटलं. सातवी शिकलेली ती बाई फॉरेस्ट नाक्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत ते पुस्तक वाचत बसली होती. पुढं वनहक्काचा कायदा आला, तेव्हा तो तिला त्यांच्याआधी ठाऊक होता. गावाभोवतीचं जंगल गावाच्या नावानं व्हावं म्हणून तिनं अकरा गावांच्या सीमा पायी मोजल्या. देवरीच्या कचेरीत चार वर्षं खेपा घातल्या. अकराच्या अकरा गावांना पट्टे मिळाले, आणि तेंदूपत्त्याचा लिलाव ठेकेदाराच्या हातून ग्रामसभेच्या हाती आला. गोवर्धननी वर्दीत असताना हे सगळं पाहिलं होतं. त्यांच्या उभ्या नोकरीत जंगलात वाघ चार वेळा दिसला, पण अशी बाई एकदाच.

यंदा अकरा गावांनी सभा घेऊन तिला सांगितलं, कायद्यासाठी भांडलीस, आता कायदा करतात तिथं जा. दुर्पतानं दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

२

ग्रामसभेचं कार्यालय म्हणजे तेंदूपत्त्याच्या गोदामातली पुढची खोली. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक दुर्पताकडे आणि दुसरी समितीची सचिव नूतन उइके हिच्याकडे. कपाटाला कुलूप नव्हतंच. गोवर्धननी कोणालाही फाइल उचलू दिली नाही. जंगलात माग काढताना करायचे तसे ते आधी उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले.

"सोडताना गाठ कशी होती?" त्यांनी विचारलं.

नूतनला आठवत होतं. गुरुवारी सह्या झाल्यावर तिनं लाल फीत बांधून वर फूल काढलं होतं. आज सकाळी फूल नव्हतं. फीत दोनदा गुंडाळून टोक आत खोचलेलं होतं. गोवर्धननी तिला तसंच बांधून दाखवायला सांगितलं आणि ती गाठ त्यांनी लगेच ओळखली. तेंदूची सत्तर पानं जुळवून पुडकं बांधतात, त्या पुडक्याची ती गाठ होती. फायलीला अशी गाठ बाहेरच्या माणसाच्या हातून पडली नसती.

मग त्यांनी कागद पाहिले. सगळ्यांत वर जातीचा मूळ दाखला होता. जागा आदिवासींसाठी राखीव, त्यामुळे तो नसता तर सगळं तिथंच आटोपलं असतं, कारण नवा काढायला महिने लागतात. त्याला चोरानं हात लावला नव्हता. खाली प्रतिज्ञापत्र, मतदार यादीचे उतारे, ग्रामसभांचे ठराव. एकही पान मुडपलेलं नाही, कडा एकीला एक लावलेल्या. मात्र मधली सात पानं उलटी होती, डोकं खाली आणि पाय वर.

"घाईत लावली असतील," नूतन म्हणाली.

"घाईत काम करणारा कडा जुळवत नाही," गोवर्धन म्हणाले. पण मग पानं उलटी का, हे त्यांनाही तेव्हा सांगता येईना.

गुरुवारपासून फाइल कोणी उघडली नव्हती. म्हणजे चोरी गुरुवार ते सोमवार यांमध्ये कधीही झालेली असू शकत होती, आणि तेवढ्या दिवसांत खोली एकदाच उघडी राहिली होती. शनिवारी अकरा गावच्या बायांची सभा झाली, तेव्हा. सभा गोदामामागच्या आवारात. पाणी प्यायला, पिशवी ठेवायला माणसं आत-बाहेर करत होती.

"तुमाले कोनावर संशय आहे?" दुर्पतानं विचारलं.

गोवर्धन फीत गुंडाळू लागले. शनिवारी आवारात कोण कोण होतं ते त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं, आणि त्या नावांत तिच्या नवऱ्याचंही नाव होतं.

३

आधी त्यांनी नूतनला बाजूला घेतलं. अर्ज तिनंच भरला होता आणि किल्ली तिच्याकडे होती. तिचा भाऊ भैय्यालालची गाडी चालवतो हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि हा भैय्यालाल समोरच्या उमेदवाराचा उजवा हात. नूतननं काही लपवलं नाही. भैय्यालालनं दिवाळीनंतर तिला पतसंस्थेत चिकटवायचं कबूल केलं होतं आणि बदल्यात फक्त अर्जात काय काय आहे ते विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं. दहा सूचक कोण, तेही सांगितलं होतं. कागद मात्र दिला नव्हता.

"मले वाटलं, नावं तर उद्या सगळ्याइले दिसनारच हायत," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

सुखराम, दुर्पताचा नवरा, बांधावर सापडला. बायकोनं उभं राहू नये असं तो चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलला होता. ते त्यानं नाकारलं नाही. तिला भीती वाटत नाही, म्हणून तिच्या वाटची भीती मला वाटते, म्हणाला. शनिवारी तो सभेत पाणी वाटायला होता, खोलीतही दोनदा गेला होता. आणि शुक्रवारी?

"शुक्रवारी बाजारातून आलो तं रुख्माबाईनं हाक मारली. तिथंच बसलो होतो दिवेलागणीपावतर."

"काय काम होतं?"

"काई नाई. घरकुलाच्या भिंतीवर काय लिवलं हाय ते वाचून दे म्हने. चार वर्सं झाली घर बांधून, आता सुचलं बुढीले." तो हसला आणि पुन्हा कापायला वाकला.

गोवर्धननी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मन भैय्यालालकडं धावत होतं.

भैय्यालाल देवरीच्या रस्त्यावर प्रचाराच्या मांडवाचे बांबू उभे करून घेत होता. नाकेदाराला बघून त्यानं खुर्ची मागवली. दुर्पताबाईचा अर्ज कधी भरताय, असं त्यानं स्वतःच विचारलं आणि कागदपत्रं जपा, असा सल्लाही दिला. गोवर्धननी त्याच्या चेहऱ्याकडं बघत सांगितलं, सूचकांचं पान हरवलंय.

भैय्यालालचं हसू मावळलं.

"हरवलं? मतलब, फिरसे सह्या घेणार?"

"घ्याव्याच लागतील. आज संध्याकाळपर्यंत."

"अरे, पण तेच पान शोधा ना जी. चांगलं भरलेलं पान होतं. मिल जाएगा." तो एकदम उठला आणि फोन काढत बाजूला गेला.

गोवर्धन खुर्चीतच बसून राहिले. शत्रूचा अर्ज अडला तर हा माणूस पेढे वाटायला हवा होता. त्याऐवजी तेच पान सापडावं म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. म्हणजे ते पान जसं होतं तसं दाखल व्हावं, हीच त्याची इच्छा होती. म्हणजे त्या पानात काहीतरी मोडकं होतं.

४

परतताना ते देवरीच्या निवडणूक कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला त्यांनी एकच गोष्ट विचारली, सूचकांच्या सह्यांबद्दल नियम काय. कारकुनानं पुस्तिका काढून वाचून दाखवलं. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा चालतो, पण तो निवडणूक अधिकाऱ्यासमोर किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर उठवलेला हवा. गावात बसून उठवलेला अंगठा सही म्हणून धरत नाहीत. अपक्षाला दहा पूर्ण हवेत. एक कमी पडला की छाननीत अर्ज बाद.

गोवर्धन गावात आले ते थेट गोदामात. दुर्पता तिथं कोऱ्या अर्जावर स्वतः मजकूर उतरवत होती.

"त्या पानावर अंगठे किती होते?" त्यांनी विचारलं.

"एकच. रुख्मामावशीचा. बाकी नऊ सह्या." तिनं मान वर केली. "काऊन?"

त्यांनी नियम सांगितला. दुर्पतानं पेन खाली ठेवलं. ग्रामसभेच्या ठरावांवर अंगठेच अंगठे असतात, कोणी कधी हरकत घेतली नव्हती. निवडणुकीचं ती पहिल्यांदाच करत होती. पान चोरीला गेलं नसतं तर बुधवारच्या छाननीत ती घरी परतली असती. चोरानं तिला वाचवलं होतं.

"आता चोराचं ऐका," गोवर्धन म्हणाले, आणि दिवसभर डोक्यात विस्कटून पडलेलं सगळं त्यांनी एकेक करून मांडलं. तुझं वाईट करणारा दाखला नेईल. यानं दाखला ठेवून असं पान नेलं की जे एका दिवसात पुन्हा होतं. भैय्यालालला तर ते पान हवंच होतं, म्हणजे तो नाही. गाठ तेंदूच्या पुडक्याची, म्हणजे माणूस गावचा. नूतन नाही आणि सुखरामही नाही, कारण दोघांना वाचता येतं.

"वाचन्याचा काय संबंध?"

"कडा जुळवून, जपून लावलेली पानं उलटी कोण ठेवील? ज्याला अक्षराचं डोकं कुठं आणि पाय कुठं ते कळत नाही, तोच. मग अशा माणसानं एकसष्ट कागदांतून नेमकं एकच पान कसं ओळखलं?"

दुर्पतानं स्वतःचा अंगठा उलटून पाहिला.

"स्वतःच्या अंगठ्यावरून," ती म्हणाली. "ठरावावर अंगठेच अंगठे, त्या पानावर एकच होता."

शनिवारी सभेत बाया जेवायला बसल्या, तेव्हा रुख्मा कुंभरे गुडघे दुखतात म्हणून आत खोलीत पडून होती. पिशव्यांवर लक्ष ठेवायला तिलाच सांगितलं होतं, आणि सांगणारी दुर्पताच होती.

५

रुख्माचं घर टोल्याच्या कडेला. नवरा दसरू वारल्यापासून एकटीच. दोघं पोहोचली तेव्हा ती अंगणाकडची भिंत सारवत होती. घरकुलाची पक्की भिंत, वर पिवळ्या चौकोनात योजनेचं नाव, साल आणि लाभार्थीचं नाव रंगवलेलं. त्या चौकोनाखाली माणसाच्या उंचीपर्यंत शेणामातीचा ओला थर होता. गोवर्धननी बोटानं तो दाबून पाहिला. दिवाळीला भिंत एकदा सारवतात. इथं पाच-सहा थर एकावर एक चढले होते आणि खालचा धड वाळलेला नव्हता. कोपऱ्यात कोळशाचे तुकडे पडले होते. रुख्माच्या उजव्या हाताची तीन बोटं काळी होती.

वरचा थर एका जागी पातळ राहिला होता. त्यातून कोळशाच्या वेड्यावाकड्या रेघा दिसत होत्या. गोवर्धननी त्या लावून वाचल्या. वरच्या चौकोनातलंच नाव होतं, 'श्रीमती'पासून.

"मावशी, पान कुठं हाय?" दुर्पतानं विचारलं.

रुख्मा आत गेली आणि बांबूच्या ढोलीत, धानाखाली ठेवलेलं पान घेऊन आली. त्याला एक सुरकुतीही पडली नव्हती.

तिनं सांगितलं ते थोडक्यात होतं. शुक्रवारच्या बाजारात ती भाजी घेत होती. मागं टपरीवर भैय्यालाल कोणाला तरी सांगत होता की बुढीनं अंगठा दिलाय, आता बुधवारी मजा बघा. म्हातारी बाई जवळ उभी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तिनं घरी येऊन सुखरामला भिंतीवरचं आपलं नाव दाखवायला लावलं. त्यानं बोट फिरवलं, तेवढं तिनं धरून ठेवलं. शनिवारी पान काढून आणलं. पान गेलं की नवं करावंच लागेल, आणि तोवर हात बसेल.

"पन मले सांगितलं असतं तं?" दुर्पता म्हणाली.

"तू माझ्या जागी दुसरं कोनी घेतलं असतं."

ते खरं होतं. दुर्पतानं अजून एक वाट सांगितली. उद्या आपण देवरीला जाऊ, अधिकाऱ्यासमोर अंगठा दे, तो चालतो. रुख्मानं मान हलवली.

"अंगठा नाई."

मग तिनं गोवर्धनकडं पाहिलं, आणि आवाज न चढवता, हवापाण्याचं बोलावं तसं विचारलं, "नाकेदार, तुमाले आठवते का? नाल्याजवळचं आमचं वावर."

गोवर्धनना आधी आठवलं नाही. मग सगळं आठवलं. नोकरीतलं तिसरं वर्ष. जंगलाच्या कडेला दसरूनं वाहिलेली दोन एकर जमीन. साहेबानं सांगितलेला मजकूर गोवर्धननी स्वतःच्या हातानं लिहिला होता, की ही जमीन आम्ही राजीखुशीनं सोडत आहोत. वणव्याचा पंचनामा आहे, असं सांगून त्यांनी रुख्माचं बोट शाईत बुडवलं होतं. त्या दिवशी असे बारा-पंधरा अंगठे घेतले, या गावातला हा एकच. पुढं वनहक्काचे दावे आले, तेव्हा गावातल्या सगळ्यांना शेतीचे पट्टे मिळाले. रुख्माचा दावा तेवढा नामंजूर झाला. तिनंच लिहून दिलेला कागद त्याला आडवा आला होता. दुर्पता तिच्यासाठी तीनदा अपिलात गेली आणि तिन्हीदा हरली.

"एका अंगठ्यानं माझं वावर गेलं," रुख्मा म्हणाली. "दुसऱ्यानं हिची खुर्ची गेली असती. आता तिसरा देनार नाई."

गोवर्धननी खाली पडलेला कोळशाचा तुकडा उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "'ख'ची मागची रेघ खाली आली पाहिजे. मी दाखवतो."

रुख्मा भिंतीकडं वळली आणि दाखवा म्हणाली.

६

नऊ जणांनी संध्याकाळपर्यंत पुन्हा सह्या केल्या. दहावी सही रुख्मानं केली, आणि तिला एकटीला अर्धा तास लागला. मंगळवारी दुपारी दीडला अर्ज दाखल झाला.

बुधवारी छाननी. आत उमेदवार, तिचा प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक माणूस एवढ्यांनाच परवानगी असते. प्रतिनिधी म्हणून नूतन गेली. भैय्यालालचं सगळं कळल्यावरही दुर्पतानं तिला ठेवलं होतं. सूचक रुख्मा, आणि चौथे गोवर्धन. समोरच्या बाकावर भैय्यालाल त्याच्या उमेदवाराच्या वकिलासोबत बसला होता.

दुर्पताचं नाव पुकारताच वकील उठला. त्याची हरकत साधी होती. दहाव्या सूचक रुख्मा कुंभरे निरक्षर आहेत. राशन दुकानापासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडे त्यांचा अंगठा आहे, आणि त्याच्या प्रती त्यानं आणल्या होत्या. तेव्हा अर्जावरची सही दुसऱ्या कोणीतरी केलेली आहे, म्हणजे बनावट. अर्ज बाद करावा आणि उमेदवारावर गुन्हाही दाखल करावा.

अधिकाऱ्यांनी प्रती पाहिल्या, अर्जावरची सही पाहिली आणि सूचक हजर आहेत का, असं विचारलं.

रुख्मा उठून टेबलापाशी गेली. अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. बाजूच्या कारकुनानं सवयीनं शाईचा पॅडही सरकवला. रुख्मानं तो दोन बोटांनी परत ढकलला आणि पेन मागितलं.

तिनं पेन कोळशासारखं मुठीत धरलं. 'श्रीमती'तला 'श्री' काढायलाच मिनिट गेलं. वकिलानं घड्याळ पाहिलं, घसा खाकरला. अधिकाऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. 'रु' झाला. 'ख्' काढताना तिचा हात थांबला. मग रेघ खाली आली. पुढं 'मा' आला. नंतर दसरूचं नाव, आणि ते लिहिताना तिचा हात एकदाही अडला नाही. कुंभरेच्या 'कुं'वर अनुस्वाराचा ठिपका तिनं इतका जोरात दिला की कागदाला भोक पडलं.

सगळी खोली उभी राहून बघत होती. आपण केव्हा उठलो हे कोणालाच आठवत नव्हतं. भैय्यालालही उभा होता.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. तीच वाकडी 'श्री', तोच पुढं झुकलेला 'म'. नोंद करायची म्हणून त्यांनी विचारलं, "आजी, शिक्षण किती झालं तुमचं?"

रुख्मानं बोटांवर मोजलं.

"आजचा धरून सहा दिस," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. अधिकाऱ्यांनी मान खाली घालून हरकत फेटाळल्याचं लिहिलं, आणि दुर्पता सुखराम मडावी या नावापुढं 'वैध' असा शिक्का मारला. दुर्पता शिक्क्याकडं बघत नव्हती. तिनं टेबलावरचा तो भोक पडलेला कागद अधिकाऱ्यांना विचारून उचलला, नाल्याजवळच्या वावराच्या चौथ्या अपिलाला जोडायला, म्हणजे तो जुना कागद रुख्माला तेव्हा वाचताच येत नव्हता हे दाखवता येईल, आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर नेला.